उमेदवारी कुठे करायची?

गेल्या महिन्यात आमचे एक जुने अशील, सांगलीतले हळदीचे व्यापारी, भर दुपारी कार्यालयात आले. हातात जीएसटीची नोटीस होती. एरवी ते नोटीस माझ्या टेबलावर टाकतात, "बघा, आता हे काय काढलंय" एवढेच म्हणतात आणि चहाची वाट बघत बसतात. या वेळी मात्र त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यांच्या नातवाने नोटिशीचा फोटो काढून तो चॅटजीपीटीला दिला होता. नोटिशीचा मराठीत अर्थ, जोडायच्या कागदांची यादी आणि इंग्रजीत दोन पानी उत्तर, असा सगळा ऐवज दोन मिनिटांत तयार झाला होता. मी ते उत्तर सावकाश वाचले. वाईट नव्हते. खरे सांगायचे तर पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्याकडच्या मुलाने लिहिले असते त्यापेक्षा ते चांगलेच होते.

"आता साहेब, तुमची फी कशाची ते सांगा," ते हसत म्हणाले.

मीही हसलो. चहा झाला, ऊस आणि पाऊस यांवर बोलणे झाले आणि ते गेले. पण त्यांनी विनोदाने विचारलेला प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस गंभीरपणे विचारत होतो. माझ्या बाबतीत त्याला आणखी एक शेपूट होते. त्याच आठवड्यात मला ठरवायचे होते की, यंदा कार्यालयात आर्टिकलशिपसाठी नवी दोन मुले घ्यायची की नाही. अर्ज टेबलावर पडून होते. तीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुले लागतातच, असा तो हिशेब होता.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन संस्थेने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले. त्यामागची मूळ कल्पना गूगलमधल्या संशोधकांनी २०१७ साली मांडली होती. अफाट मजकूर वाचून यंत्राने एकच गोष्ट शिकायची: आतापर्यंतचे शब्द पाहता पुढचा शब्द, किंवा शब्दाचा तुकडा, कोणता येण्याचा संभव जास्त? एवढ्याशा कसरतीतून भाषांतर, सारांश, पत्रलेखन, गणिते, संगणकाच्या आज्ञावल्या हे सगळे निघेल असे फार थोड्यांना वाटले होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ही यंत्रे फोटोतले बिल वाचू लागली, बोललेले ऐकू लागली, उत्तर देण्याआधी टप्प्याटप्प्याने 'विचार' करू लागली. आता तर एखादे काम सोपवले की संगणकावरची निरनिराळी दालने स्वतः उघडून ते तडीस नेण्याचा प्रयत्न करतात. त्यांना 'एजंट' म्हणतात. आमच्याकडे एजंट म्हटले की विमा नाहीतर आरटीओ आठवतो, पण असो.

मी या यंत्राचा विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या कार्यालयात ते गेले दीड वर्ष आहे. खरेदीची बिले, बँकेचे उतारे आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर दिसणारी खरेदी यांचा मेळ घालणे हे आमच्याकडचे सर्वांत कंटाळवाणे काम. मध्यम आकाराच्या एका पेढीसाठी दोन मुलांचे चार दिवस त्यात जात. आता एक दुपार जाते. शिवाय ज्या छोट्या दुकानदाराला नोटीस आली की रात्रभर झोप लागत नव्हती, त्याला निदान तीत काय लिहिले आहे ते स्वतःच्या भाषेत कळते. हा काही लहान फायदा नाही. आमच्या व्यवसायाने इतकी वर्षे त्या अज्ञानावर थोडीफार फी घेतली, हेही कबूल करायला हवे.

आणि यंत्राची भीती आम्हाला नवी नाही. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर १९७९ साली व्हिसिकॅल्क नावाचा कार्यक्रम बाजारात आणला. एक आकडा बदलला की सगळा तक्ता आपोआप बदलणार, ही त्यातली किमया. अमेरिकेत त्यानंतर वह्या लिहिणारे कारकून कमी झाले, पण त्या आकड्यांचा अर्थ लावणारे हिशेबतज्ज्ञ वाढले. आपल्याकडे बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब ठेवण्यासाठी मनासारखा कार्यक्रम मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने तो लिहायला घेतला. १९८६ साली सुरू झालेल्या त्या उद्योगाचे फळ म्हणजे आजचे टॅली. ते सांगलीत पोचले तेव्हा गणपती पेठेतल्या दिवाणजींनी कीर्द-खतावणीवर हात ठेवून "हे यंत्र वीज गेली की काय करणार?" असे विचारले होते. वीज जात राहिली, पण टॅली राहिले. ज्या दिवाणजींनी ते शिकून घेतले तेही राहिले. तेव्हा याही वेळी तसेच होईल, असे मी पहिले वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. सनदी लेखापालांच्या एका छोट्या मेळाव्यात तर मी यावर भाषणही ठोकले.

आता मला त्या भाषणाची जरा लाज वाटते. कारण सांगतो.

पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाचा १९९० सालचा एक निबंध आहे, विजेच्या जनित्राची आणि संगणकाची तुलना करणारा. एडिसनचे न्यूयॉर्कमधले वीज केंद्र १८८२ साली सुरू झाले, पण अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत त्याचा भरघोस परिणाम दिसायला १९२० चे दशक उजाडावे लागले. मधली चाळीस वर्षे काय चालले होते? कारखानदारांनी वाफेचे मोठे इंजिन काढून त्या जागी विजेची मोठी मोटार बसवली, आणि छताखालचा लांबलचक दांडा, त्यावरचे पट्टे, पट्ट्यांच्या सोयीने मांडलेली यंत्रे हे सगळे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार देऊन कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा कुठे खरा फायदा हातात आला.

आमच्या कार्यालयातही पहिले सहा महिने असाच मोठी मोटार बसवण्याचा प्रकार चालला. मुलांनी जे करायचे तेच करायचे, फक्त यंत्राला विचारत. मग मी मांडणी बदलायला बसलो. कोणते काम कोण करते, याचा कागदावर तक्ता काढला. सही मी करतो. माझ्याखाली दोन जाणती माणसे कागद तपासतात. त्यांच्याखाली आर्टिकलची मुले व्हाउचर पाहतात, मेळ घालतात, पत्रांचे मसुदे करतात. यंत्राला जे जे उत्तम जमते त्यावर मी लाल खूण करत गेलो, आणि शेवटी पाहिले तर तक्त्याची सर्वांत खालची पायरी अख्खी लाल झाली होती. वरच्या पायऱ्यांना जवळजवळ धक्का नव्हता. व्हिसिकॅल्क आणि टॅलीच्या वेळी असे झाले नव्हते. तेव्हा बेरजा गेल्या, पण व्हाउचर हातात धरणारे नवखे पोर राहिले होते.

हे माझ्याच कार्यालयातले वेड असेल, असे वाटून मी वाचायला लागलो. एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी २०२३ साली ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताशी यंत्र दिल्यावर त्यांचे काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. नवख्यांचे ३४ टक्क्यांनी वाढले, आणि मुरलेल्यांचे फारसे वाढलेच नाही. कारण मोठे मजेशीर आहे. यंत्र शिकले होते ते मुरलेल्या माणसांच्या संभाषणांवरून, म्हणजे त्यांचेच कसब ते नवख्याच्या कानात सांगत होते. वाचून मला बरे वाटले. नवख्यांचे भलेच होणार तर! पण त्याच ब्रिन्योल्फसन यांनी इतर दोघांबरोबर २०२५ साली अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच चित्र निघाले. ज्या व्यवसायांत हे यंत्र सर्वाधिक शिरकाव करू शकते, त्यांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायांतल्या वडीलधाऱ्यांचा घटला नव्हता. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की मालकाच्या डोक्यात काय येत असेल ते कळते. नवखा माणूस यंत्रामुळे हुशार होतो हे खरे, पण यंत्र आहेच तर मग नवखा हवा कशाला?

आपल्याकडे याची धास्ती घरोघर पोचली ती जुलै २०२५ मध्ये, टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा. त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता, आणि कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. कारण काही असो, पुण्यात मुलगा किंवा सून संगणक क्षेत्रात नाही असे घर विरळा. त्या आठवड्यात सांगलीतल्या लग्नाच्या पंगतीतही हाच विषय होता. उलट्या बाजूचेही उदाहरण आहे. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला, आमचे यंत्र ७०० माणसांचे काम करते, असे मोठ्या अभिमानाने जाहीर केले. २०२५ साली तिच्याच प्रमुखांनी दर्जा घसरल्याचे मान्य केले आणि ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसे घेण्याचे ठरवले. तेव्हा गाडी एकाच दिशेने चालली आहे असेही नाही.

आता माझ्या फजितीची गोष्ट.

गेल्या वर्षी एका आयकर अपिलाचा मसुदा मी यंत्राकडून करून घेतला. भाषा इतकी सुंदर की मला माझ्या इंग्रजीची खंत वाटावी. आमच्या बाजूने एका उच्च न्यायालयाचा निवाडाही त्यात दिला होता, अगदी नेमका. मी पेन काढले होते. माझी एक सहकारी आहे, माझ्याकडेच उमेदवारी करून सनदी लेखापाल झालेली. ती म्हणाली, "सर, थोडं थांबा. इतका सोयीचा निवाडा असता तर आपल्याला आधीच माहीत असता." तिने तासभर शोधले. पक्षकारांची नावे, वर्ष, पानाचा क्रमांक सगळे होते. निवाडा तेवढा नव्हता. पुढचा संभाव्य शब्द शोधणाऱ्या यंत्राने आम्हाला हवा तसा एक निवाडा शोभेलशा शब्दांत रचून दिला होता. त्याने लबाडी केली असेही म्हणवत नाही, कारण खरे-खोटे हा प्रश्नच त्याच्यापुढे त्या अर्थाने नसतो.

मी ही गोष्ट लाजेकाजेने कुणाला सांगितली नव्हती. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. कंपनीने उत्पन्न दाखवले होते तीन कोटींच्या आसपास, आकारणी झाली होती २७.९१ कोटींवर, आणि त्यासाठी आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेली माहिती पडताळून न पाहता वापरू नये, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही तेच चालले होते. उद्या मी यंत्राकडून उत्तर लिहून घेणार, पलीकडचा अधिकारी यंत्राकडून आदेश लिहून घेणार, आणि बिचाऱ्या अशिलाच्या कोट्यवधींचा निकाल दोन यंत्रांच्या पत्रव्यवहारात लागणार, असे एक भयचित्र मला बरेच दिवस दिसत होते.

जबाबदारी यंत्रावर ढकलताही येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात एका न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाने तसा प्रयत्न केला. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या संवादयंत्राने आजीच्या निधनानिमित्त प्रवास करणाऱ्या उतारूला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. ते यंत्र आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा थाटाचा युक्तिवाद कंपनीने करून पाहिला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि पैसे द्यायला लावले. आमच्या व्यवसायात तर २०१९ पासून प्रत्येक प्रमाणपत्रावर नि अहवालावर अठरा अंकी क्रमांक घ्यावा लागतो. कोणत्या सहीमागे कोण आहे, हे त्यावरून कुणालाही पाहता येते. माझ्या हळदवाल्या मित्राच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले. फी त्या सहीची आहे. सही चुकली तर माझी सनद जाते, यंत्राचे काही जात नाही.

उरलेले अर्धे उत्तर अवघड आहे. सही करणारा तयार कसा होतो?

मी आर्टिकल केले तेव्हा तीन वर्षे हिरव्या पेन्सिलीने व्हाउचरवर टिका मारल्या. आता प्रशिक्षण दोन वर्षांचे झाले आहे. त्या टिकांचा मला मनस्वी कंटाळा यायचा. पुढे कळले की त्या कंटाळ्यातच काहीतरी आत झिरपत होते. हमालीचा दर, ट्रकचे भाडे, कुठल्या महिन्यात कुठला माल येतो, कोणता दिवाणजी पावतीवर कशी सही करतो, हे कुणी शिकवत नाही. हजार पावत्या हाताखालून गेल्यावर हजार-एकावी पावती बोटाला खुपते.

वर ज्या सहकारी बाई सांगितल्या, त्या उमेदवारी करत होत्या तेव्हाची गोष्ट. एका पेढीचे २०१९-२० चे हिशेब तपासत होत्या. ऑगस्ट २०१९ मधली वाहतुकीची एक पावती, गणपती पेठेतल्या गोदामात माल उतरवल्याची. रक्कम बरोबर, बिल क्रमांक बरोबर, सही-शिक्का जागच्या जागी. त्यांनी ती बाजूला काढली आणि मला म्हणाल्या, "सर, आठ ऑगस्टला पेठेत ट्रक कसा आला?" मी पाहतच राहिलो. त्या दिवसांत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि पेठेत नावा चालत होत्या. त्यांचे स्वतःचे घर मारुती चौकाजवळ, तळमजला पाण्यात, आणि घरची मंडळी मिरजेला आत्याकडे. ती तारीख त्या विसरणे शक्यच नव्हते. मग पावत्या उलटसुलट पाहिल्या आणि मालकाच्या नकळत वर्षभर चाललेले खोट्या भाड्यांचे प्रकरण बाहेर आले.

यंत्राने ही पावती पास केली असती का? मी मुद्दाम करून पाहिले. तीच पावती दिली, यंत्राने सगळे ठीक असल्याचा निर्वाळा दिला. मग "त्या दिवशी पूर होता" असे सांगितले, तर त्याने लगेच माफी मागून पावती संशयास्पद ठरवली आणि वर आणखी चार शंका काढल्या, त्याही मुद्देसूद. उद्याचे यंत्र कदाचित पुराच्या बातम्या आपणहून ताडून पाहील. मी पैज मारणार नाही. पण आज तरी त्याला सांगणारा कुणीतरी लागतो, आणि तो सांगणारा मी ज्या पायरीवर लाल खूण केली तिथेच घडला होता.

याबाबत भविष्य सांगणाऱ्यांची फजितीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जेफ्री हिंटन हे या शास्त्राचे पितामह. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. २०१६ साली ते म्हणाले होते की, क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या डॉक्टरांचे प्रशिक्षण आता थांबवायला हवे, पाचेक वर्षांत यंत्रच ते काम सरस करील. पाच वर्षे उलटली, नंतरही काही गेली, यंत्रे खरोखर पुष्कळ सुधारली, पण त्या डॉक्टरांना आजही मागणी आहे. त्या सल्ल्यावरून वैद्यकीय महाविद्यालयांनी खरेच प्रवेश बंद केले असते तर? डॉक्टर घडायला दहा वर्षे लागतात. चूक कळेपर्यंत एक पिढी हातची गेली असती.

आर्टिकलची मुले न घेतली तर माझा नफा यंदा आणि पुढची पाच-सात वर्षे वाढेल, यात शंका नाही. माझे वय पाहता तेवढी पुरेत. झळ लागेल ती नंतर माझ्या खुर्चीत बसणाऱ्याला, आणि त्याने दाखवलेल्या ताळेबंदावर विसंबून कर्ज देणाऱ्या पतसंस्थेला, तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या पेन्शनरांना. प्रत्येक मालक आपापल्या वहीपुरता बरोबरच हिशेब करतो आहे. दुसऱ्याने शिकवलेले माणूस आपण घेऊ, असे प्रत्येकाला वाटते. तो दुसराही तेच म्हणत असतो.

मी दोघांनाही घेतले. एक मुलगा तासगावचा, एक मुलगी जतकडची. यात मोठेपणा काही नाही. पत्नीने खर्चाचा आकडा ऐकून कपाळाला हात लावला. त्यांच्यासाठी एक नियम केला आहे. दोन पेढ्यांची व्हाउचर त्यांनी यंत्राविना पाहायची, सहा महिने. बाकीच्या कामात यंत्र वापरायचे, पण त्याने दिलेल्या प्रत्येक संदर्भाचा मूळ कागद काढून माझ्यासमोर ठेवायचा. याचा उपयोग होईल की नाही, मला ठाऊक नाही. मुलाला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटतो, आणि तो तसे बोलूनही दाखवतो. मुलगी बोलत नाही, पण परवा दुपारी तिला पेंगताना मी पाहिले. त्या वयात, त्याच खोलीत, मीही पेंगत होतो.

हळदवाल्यांची फाइल मी तिच्याकडे दिली आहे. नोटिशीचे उत्तर आम्ही यंत्राच्याच मसुद्यावरून केले, दोन परिच्छेद बदलून. सही केली, क्रमांक घेतला, बिल पाठवले. त्यांनी फोन करून फी थोडी कमी करायला सांगितली, मी थोडी केली. पट्ट्यांची दोन खोकी अजून आमच्याकडेच आहेत. शेतकऱ्याला दिलेल्या एकेका पट्टीवरची हमाली, तोलाई, अडत ती मुलगी हिरव्या पेन्सिलीने तपासते आहे. पहिले खोके संपत आले आहे. अजून तिला काही सापडलेले नाही.